लंडन ते मुंबई, चोवीस तास

आमच्या गावात अंतर मैलांत कोणी सांगत नसे. सौंदडचं स्टेशन आमच्या घरापासून दोन चिलमींवर होतं, म्हणजे बैलबंडीत बसून एक चिलीम संपली, दुसरी भरली आणि तीही विझत आली की स्टेशनचा कौलारू माथा दिसायचा. केशोरी दीड दिवसावर होती, कारण मधे एकदा बैल सोडून मुक्काम करावा लागे. गोंदिया छोट्या रेल्वेगाडीनं दोन तासांवर, पण पावसाळ्यात तेच गोंदिया कधी अर्ध्या दिवसावर जाई, आणि त्यात कोणाला वावगं वाटत नसे. गाव जागचं हललं नाही हे सगळ्यांना माहीत होतं. अंतर म्हणजे पोहोचायला लागणारा वेळ, एवढाच त्याचा अर्थ होता. मला लहानपणापासून आकड्यांची सवय. ती बाबांकडून आली. धानाच्या राशीकडे उभ्यानं पाहून किती खंडी निघतील हे ते सांगत आणि मापाला बसल्यावर फार तर पायली-दोन पायल्यांचा फरक पडे. हिशोब बरोबर आला की ते हसत नसत. नुसते मिशीवरून हात फिरवून पुढच्या कामाला लागत.

विमान आम्हाला अगदी नवं नव्हतं. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत गोंदियाजवळ बिरसीला विमानं उतरायची जागा केली होती, तेव्हा कधी कधी एखादं घरघरत आमच्या बांध्यांवरून, म्हणजे धानाच्या शेतांवरून, जायचं. रोवणी करणाऱ्या बाया चिखलातले हात तसेच कपाळावर धरून वर पाहत राहायच्या. बाबांनी एकदा तळ्याच्या पाळीपासून नाल्यावरच्या मोठ्या आंब्यापर्यंत ते किती वेळात गेलं हे मोजलं होतं. तोंडातलं पान चावून होईपर्यंत, असं त्यांनी घरी येऊन सांगितलं, आणि वर म्हणाले की तेवढ्याला बैलांना पाऊण चिलीम लागते. त्या विमानात आमच्या घरचं कोणी कधी बसेल असं मात्र त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

बसला तो माझा दादा, नामदेव. नागपूरला शेतकी शिकला, धानाच्या रोगांवर त्यानं काही काम केलं, आणि त्यावर शिष्यवृत्ती मिळून दोन वर्षांसाठी विलायतेला गेला. जाताना बोटीनं गेला. त्या वेळी बाबांनी बोटीचे दिवस भिंतीवर कोळशानं मांडले होते. घरात तेव्हा आम्ही चौघं. आई मी फार लहान असतानाच गेली. तिच्या मागं चूल, गोठा आणि मला सांभाळलं ते ताईनं, कौसल्येनं. त्यासाठी तिची शाळा चौथीतच सुटली. दादाचे नागपूरचे डबे, त्याच्या अंगावरचे सदरे, त्याच्यासाठी वाळवलेले सांडगे, सगळं तिच्या हातचं. दादा तिच्याहून दोन वर्षांनी मोठा, पण घरात हुकूम तिचा चाले. मी तेव्हा गोंदियाला मावशीच्या घरी राहून मुलींच्या शाळेत नववीत शिकत होते, आणि सुट्टीत घरी आले की ताई मला पाटावर बसवून विचारायची, आता नवीन काय शिकवलं ते सांग. मी सांगायचे आणि ती लाखोरीची डाळ निवडता निवडता ऐकायची.

ताईचं लग्न केशोरीच्या मास्तरांशी ठरलं. घर चांगलं, धानाची जमीन, मुलगा शांत. फाल्गुनातला गोरज मुहूर्त निघाला, आणि त्यानंतर बरेच दिवस मुहूर्त नव्हता. एक अडचण होती. नवरीला हाताला धरून मांडवात आणायचं आणि अंतरपाटाशी तिच्या पाठीशी उभं राहायचं ते मामानं. आईला भाऊ नव्हता. आमच्याकडे अशा वेळी मोठा भाऊ मामाच्या जागी उभा राहतो. चुलत भाऊ पांडुरंग तयार होता, कोणी नाव काढलं की तो लगेच पागोटं नीट करायचा. ताईनं बाबांना एकदाच सांगितलं. आवाज चढवला नाही, चुलीपुढून उठलीही नाही.

"बाबा, दादा नसला तर मी मांडवात पाय ठेवत नाही. मंग मुहूर्त राहो का जावो."

बाबांना ठाऊक होतं की ही बोलते तेच करते. त्यांनी दादाला पत्र घातलं. दादाची परीक्षा नेमकी त्याच सुमारास संपत होती. बोटीनं आला असता तर लग्न होऊन ताई माहेरपणाला आली असती. पण शिष्यवृत्तीवाल्यांनी त्याला विमानाचं तिकीट दिलं, आणि त्याचं उत्तर आलं की सोमवारी दुपारी बारा वाजता विमान लंडनहून निघेल आणि थांबत थांबत चोवीस तासांत मुंबईला पोहोचेल. अंतर साधारण पाच हजार मैल. लग्न बुधवारी सूर्यास्ताला. बाबांनी ते पत्र दोनदा वाचलं आणि मग अंगणात बसून हिशोब केला. सोमवारी बारा, अधिक चोवीस तास, मंगळवारी बारा. दुपारची गाडी धरली की बुधवारी दुपारी गोंदिया, तिथून छोटी गाडी, आणि चारच्या सुमारास सौंदड. हळद, आंघोळ, कपडे, सगळ्याला वेळ उरतो. त्यांनी केशोरीला निरोप धाडला की नवरीचा भाऊ विमानानं येतो आहे आणि बुधवारी चारला स्टेशनवर उतरेल. ही बातमी आसपासच्या गावांत पसरली. अर्ध्या लोकांनी ती खोटी मानली. उरलेल्यांना वाटलं की विमान आमच्या बांधीतच उतरणार.

मंगळवारी घर भरलेलं होतं. अंगणात मांडवाला जांभळाच्या डहाळ्या बांधल्या होत्या, आणि त्यांचा हिरवा वास उन्हानं वाढत होता. मागच्या बाजूला मोठी आई, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाची बायको, पाच-सहा बाया घेऊन बुंदी पाडत होती. झाऱ्यावर हात आपटल्याचा एकसारखा आवाज, तुपाचा धूर, कोणाच्या तरी लेकराचं रडणं, आणि जात्यावरची गाणी. लाखोरीच्या डाळीचे वडे तळून टोपल्यात पडत होते, आणि प्रत्येक जाणारा-येणारा चव पाहण्याच्या नावाखाली एक उचलत होता. बाबांनी कमरेचं घड्याळ काढलं. बरोबर बारा झाले होते. ते म्हणाले, "उतरला पोरगा." मोठ्या आईनं सगळ्यांच्या हातावर गूळ ठेवला. ताई हळदीच्या अंगानं खोलीत बसली होती, तिलाही नेऊन दिला. तिनं तो तोंडात टाकला आणि डोळे मिटले.

गूळ माझ्याही हातावर होता. तो खाताना मला भूगोलाच्या बाईंनी फळ्यावर काढलेलं वर्तुळ आठवलं. एका अंशाला चार मिनिटं. पूर्वेला सूर्य आधी. लंडनला शून्य अंश, आपली घड्याळं साडेब्याऐंशीवर लावलेली. मी मनातल्या मनात गुणाकार केला, मग बोटांवर केला, मग गोठ्यात जाऊन शेणानं सारवलेल्या भिंतीवर काडीनं केला. तिन्ही वेळा साडेपाच तास आले. इथं बारा वाजले होते, तेव्हा लंडनला सकाळचे साडेसहा. दादा निघाला त्याला अजून चोवीस तास झालेच नव्हते. आमच्या तोंडात गूळ होता आणि दादा अजून आभाळातच होता.

बाबांना बाजूला बोलावून सांगितलं तेव्हा त्यांनी मला थांबवलं नाही. पूर्ण ऐकून घेतलं. ते आयुष्यात नागपूर, रायपूर, चांदा एवढंच फिरले होते, आणि या सगळ्या ठिकाणी स्टेशनवरचं घड्याळ एकच वेळ दाखवायचं. घड्याळ म्हणजे रेल्वेचं, आणि ते सगळीकडे सारखं, ही त्यांची खात्री होती. त्यात मूर्खपणा काही नव्हता. त्यांच्या जगात ते खरंच होतं.

"मंग सूर्य दोन आहेत का वं, शांते?"

"नाही बाबा. एकच आहे, म्हणूनच तर."

त्यांनी विचारलं की सौंदडला ऊन आधी पडतं की नागपूरला. मी म्हटलं, सौंदडला, पण थोडंच आधी, आणि रेल्वे तेवढं मोजत नाही. त्यांनी मान हलवली. थोडं थोडं पाच हजार मैल जमत गेलं तर किती होईल, हे मला त्यांना समजवावं लागलं नाही. मिशीवरून हात फिरवायला त्यांनी तो वर नेला आणि अर्ध्यातून खाली आणला. "म्हणजे माझा हिशोब चुकला," एवढंच म्हणाले.

आता मला वाटतं, त्या दिवशी त्यांनी पुढं जे केलं ते पाहून मी हिशोबापेक्षा मोठं काहीतरी शिकले. पण तेव्हा मी फक्त त्यांच्या मागं धावत होते. दादा संध्याकाळी साडेपाचला मुंबईत उतरणार, म्हणजे दुपारची गाडी त्याला मिळणं शक्य नव्हतं. रात्रीची मेल मिळाली तर तो बुधवारी साडेतीनच्या सुमारास गोंदियाला येणार, आणि तेव्हा छोटी गाडी निघून गेलेली असणार. बाबांनी सौंदडला जाऊन गोंदियाच्या शेठना तार केली. ते आमचं धान घेत, आणि त्यांच्या गिरणीचा ट्रक होता. ट्रक मेलवर पाठवावा, अशी विनंती केली. ट्रकला आमच्या गावापर्यंत दोन तास धरले. साडेपाच. सूर्य बुडायच्या आधी. मग बाबा सरळ जानोशाला गेले. वऱ्हाड शाळेत उतरलं होतं. तिथं सगळ्यांसमोर उभं राहून त्यांनी सांगितलं की माझी गणती चुकली, पोरगा चारच्या गाडीनं येणार नाही, ट्रकनं येईल.

नवरदेवाचे चुलते डोमाजी खाटेवर आडवे होते. अंगानं दणकट, जीभ त्याहून दणकट. ते कोपरावर उठले.

"विमान बैलबंडीले हरलं का गा, व्याही? आमी तं केशोरीहून येऊन पोचलो."

सगळे हसले. बाबाही थोडे हसले. डोमाजींनी पुढं असंही सुनावलं की मुहूर्त गेला तर आमची बंडी जुंपायला वेळ लागत नाही, आणि ते मात्र कोणी हसण्यावारी नेलं नाही.

बुधवारी चारच्या छोट्या गाडीच्या गार्डनं शेठचा निरोप आणला. ट्रक स्टेशनबाहेर उभा आहे, पण मेल नागपूरहूनच तासभर उशिरा सुटली आहे. बाबांनी तो तास माझ्याकडे पाहत मोजला. साडेचारला मेल, साडेसहाला ट्रक. फाल्गुनात आमच्याकडे सहा वाजून गेले की सूर्य बुडतोच. महाराजांनी, म्हणजे लग्न लावणाऱ्या भटजींनी, विचारल्यावर सांगितलं की गोरज मुहूर्ताला घटका-पळं नसतात. सूर्य बुडताना गाई रानातून घरी येतात आणि त्यांच्या खुरांची धूळ उडते, ती वेळ. तेवढ्यात लग्न लागलं पाहिजे.

हे मी जाऊन ताईला सांगितलं. ती पिवळी साडी नेसून, कपाळाला बाशिंग बांधून बसली होती, आणि बाया तिच्याभोवती गाणं म्हणत होत्या. मला वाटलं ती रडेल. तिनं बाशिंग थोडं वर सरकवलं, म्हणजे मी तिला नीट दिसावी.

"ढोरं कोण आणते?" तिनं विचारलं.

"सुकरू."

"त्याले सांग जाऊन. नाल्याच्या पलीकडंच थांबव म्हणा. गाई आल्या नाही तं धूळ कुठून येईल?"

सुकरू आमच्या गावचा ढोरकी. सगळ्या घरांची गुरं सकाळी तोच रानात न्यायचा. मी नाल्याकडे गेले तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. त्यानं ऐकलं, काठीवर हनुवटी टेकली आणि विचार केला. थांबवतो, म्हणाला, पण गाईला घड्याळ नाही आणि सडात दूध भरलं की ती कोणाच्या बापाचंही ऐकत नाही. "वासरं हंबरून राहिली तं मले इचारू नको, बाई." तरीही त्यानं कळप नाल्यापलीकडच्या पळसांत वळवला आणि पुढच्या गाईंसमोर आडवा उभा राहिला. पळस तेव्हा फुलला होता. तेवढं एक मला स्पष्ट दिसतं.

परत आले तर गावात वासरांनी हंबरायला सुरुवात केली होती. आधी आमच्या गोठ्यातलं एक, मग शेजारचं, मग पूर्ण गावभर. सूर्य बुडाला. मांडवात नवरदेव पाटावर उभा, महाराजांच्या हातात अंतरपाटाची घडी, लोकांच्या मुठीत अक्षता. वाजंत्री वाजून थकली आणि थांबली, त्यामुळे वासरांचं हंबरणं जास्तच ऐकू यायला लागलं. आमच्या गावच्या बायांना हे काय चाललं आहे ते केव्हाच समजलं होतं. प्रत्येकीचं वासरू भुकेलं होतं आणि दूध काढायचं राहिलं होतं, पण एकही उठली नाही. पांडुरंग पुन्हा पागोटं नीट करायला लागला. बाबा मांडवाच्या खांबाला हात लावून उभे होते आणि घड्याळ कमरेलाच होतं. त्यांनी ते एकदाही काढलं नाही.

डोमाजी उठले. मांडवाच्या तोंडाशी गेले, रानाच्या वाटेकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं. जन्मभर गुरं पाळलेला माणूस. अंधार पडत आला असताना भरल्या सडाच्या गाई आपणहून रानात थांबत नाहीत, हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. वऱ्हाडातल्या एकानं विचारलं की एवढा उशीर काऊन होऊन राहिला या गावच्या ढोरांना. बाबा पुढं झाले. मला वाटतं ते खरं सांगणार होते. त्यांना दुसरं काही येतच नव्हतं. पण डोमाजी त्यांच्या आधी बोलले.

"आमच्या केशोरीले याहून उशिरा येतात ढोरं. बसा चुपचाप."

ते परत येऊन बसले. बाबांकडे त्यांनी पाहिलं नाही. इतक्या वर्षांनंतरही, दोन कुटुंबं एकमेकांशी जोडली गेली ती नेमकी कधी, असं मला कोणी विचारलं तर मी हीच वेळ सांगेन. अक्षता नंतर पडल्या.

पण गाईंनी कोणाचंच ऐकलं नाही. नाल्याकडून सुकरूची ओरड आली, आणि मग तो आवाज आला जो गावात जन्मलेल्या माणसाला झोपेतही ओळखू येतो, शेकडो खुरं एकदम कोरड्या मातीवर पडल्याचा. कळप सुटला होता. गळ्यातली लाकडी ठोकरं खडखडत होती. महाराज उठले आणि त्यांनी अंतरपाट उलगडायला घेतला. आता थांबायला कारण उरलं नव्हतं. मी धावत खोलीत गेले. ताई उभी राहिली होती, पण दाराच्या आतच. मोठी आई तिला चल म्हणत होती, पांडुरंग दारात हात पुढं करून उभा होता, आणि ताईनं उंबऱ्याच्या आतल्या चौकटीला दोन्ही हातांनी धरलं होतं. तिनं त्याच्याकडे पाहून मान हलवली. नाही. एवढंच.

तेवढ्यात वाटेवर भोंगा वाजला. एकदा, मग पुन्हा, मग लांबलचक. ट्रक आला होता, आणि नाल्याच्या उतारावर आमच्याच कळपात अडकला होता. पुढं गाई, मागं गाई, दोन्ही बाजूंना पळस. ड्रायव्हर हिंदीतून शिव्या देत होता आणि गाई त्याच्या दिव्यांसमोरून आपल्या चालीनं जात होत्या. हे सगळं दादानं नंतर सांगितलं. त्यानं थोडा वेळ वाट पाहिली आणि मग खाली उडी मारली. पाच हजार मैल चोवीस तासांत आणि शेवटचा अर्धा मैल गाईंच्या चालीनं, असा तो घरी आला. आमच्या दारासमोर कळप फुटून घराघरांकडे वळला, आणि त्या धुळीतून सूटबूट घातलेला एक माणूस निघाला, एका हातात टोपी, आणि दुसऱ्या हातानं आमच्याच कबऱ्या गाईला बाजूला सारत.

आज माझा नातू लंडनला नोकरी करतो. इथून दहा तासांत जातो, आणि त्याच्या मोबाइलवर दोन्ही गावांची घड्याळं शेजारी शेजारी दिसतात. हिशोब करायला लागत नाही. मी मात्र अजूनही त्याचा फोन आला की आधी मनात साडेपाच वजा करते, उन्हाळ्यात साडेचार, आणि मगच विचारते की जेवलास का.

दादा आत आला तेव्हा त्याचे केस, भुवया, खांदे सगळं मातीनं पांढरं झालं होतं. बाबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. बाहेर महाराज घाई करत होते. धूळ अजून अंगणावर तरंगत होती, पण बसायला लागली होती. दादा ताईसमोर आला, आणि अशा अंगानं नवरीला हात कसा लावायचा म्हणून कोट झटकायला लागला. ताईनं चौकट सोडली आणि त्याचं मनगट धरलं.

"राहू दे दादा, झटकू नको," ती म्हणाली. "याच्याच साठी तं सारे थांबून राहिले."

आणि तीच त्याला ओढत मांडवात घेऊन गेली.